दोन परक्या देशांच्या मधे

आमच्या नागऱ्यात आकाशात विमान दिसलं म्हणून कुणी अंगणात धावत येत नाही. बिरसीची धावपट्टी जवळच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली इंग्रजांनी ती बांधली आणि नंतर कितीतरी वर्षं ती नुसती पडून होती. गेल्या काही वर्षांत तिथे वैमानिक घडवण्याची शाळा आली आणि शिकाऊ विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. पुढे मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवाही सुरू झाली. ती फार दिवस टिकली नाही, पण गोंदियाच्या माणसाला विमानाचा 'मधला थांबा' म्हणजे काय ते तिने दाखवून दिलं. इंदूरहून निघालेलं विमान गोंदियात काहींना उतरवतं, काहींना घेतं आणि पुढे जातं. अगदी आपल्या एसटीसारखं.

मागे घरच्या मंडळींच्या गप्पांत अमेरिकेत राहणाऱ्या एका भाचीने विचारलं होतं, "मामा, एअर इंडियाचं विमान लंडनला गोऱ्या लोकांना बसवून न्यूयॉर्कला कसं काय सोडतं? ना लंडन आपलं, ना न्यूयॉर्क आपलं." प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो ते सगळं एका बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी एसटीचंच उदाहरण घेऊ. समजा, गोंदिया आगाराची लाल गाडी मध्य प्रदेशातल्या बालाघाटवरून पुढे छत्तीसगडात कवर्ध्याला चालली आहे. गोंदियात बसलेला माणूस बालाघाटला उतरला, काही हरकत नाही. कवर्ध्याला बसलेला माणूस गोंदियाला आला, तरी हरकत नाही. पण बालाघाटला एक जण चढतो आणि कवर्ध्याचं तिकीट मागतो. त्याचा महाराष्ट्राशी काहीच संबंध नाही. त्याला घ्यायचं की नाही? घेतलं तर बालाघाटचा खासगी बसवाला म्हणणार, हे आमचं गिऱ्हाईक, महाराष्ट्राची गाडी का पळवते? नाही घेतलं तर सीट रिकामी जाणार आणि डिझेल मात्र तेवढंच जळणार.

विमानाच्या दुनियेत या हक्काला 'पाचवं स्वातंत्र्य' म्हणतात. नाव मोठं भारदस्त आहे, पण मामला तिकिटाचा.

ही स्वातंत्र्यं मोजायला सुरुवात झाली १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये, शिकागोत. महायुद्ध अजून संपलं नव्हतं, पण संपल्यावर आकाश कुणाचं, हे ठरवायला पन्नासाहून अधिक देशांचे लोक एका हॉटेलात जमले होते. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी त्याचं वेगळं शिष्टमंडळ होतं आणि त्याचे प्रमुख होते सर गिरिजाशंकर बाजपेयी. (परतंत्र देशाने 'स्वातंत्र्यां'च्या यादीवर चर्चा करायची, यातली गंमत तिथे कुणाच्या लक्षात आली असेल का?) अमेरिकेकडे विमानं भरपूर होती, म्हणून तिला सगळं आकाश मोकळं हवं होतं. इंग्लंडचे कारखाने युद्धात लढाऊ विमानं बनवण्यात गुंतले होते, प्रवासी विमानांत ते मागे पडलं होतं, म्हणून त्याला कुंपण हवं होतं. शेवटी पहिली दोन स्वातंत्र्यं बहुतेकांनी मान्य केली: दुसऱ्याच्या देशावरून उडून जाणं, आणि इंधन किंवा दुरुस्तीसाठी उतरणं. प्रवासी चढवण्या-उतरवण्याचे हक्क मात्र ज्याने त्याने दुसऱ्याशी आपापसात ठरवावेत, असं होऊन बसलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडने बर्म्युडा बेटावर असा करार केला आणि पुढे जगभर त्याचीच नक्कल झाली.

याच मांडणीत ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. मधले थांबे कैरो आणि जिनिव्हा. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं हे विमान त्या काळी नवलाचं होतं, पण एका दमात लंडन गाठणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे कैरो ते जिनिव्हा हा टप्पा भारताच्या विमानाने उडायचा, आणि तो दोन्ही टोकांना परका. जे. आर. डी. टाटांसारख्या हिशेबी माणसाला त्या टप्प्यातल्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या नसतील असं कोण म्हणेल?

गंमत अशी की हाच हक्क दुसऱ्याने आपल्या दारात वापरला की आपल्याला टोचतो. भारत-अमेरिका विमान करार नोव्हेंबर १९४६ चा. पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपन्या भारतात उतरून पुढे तिसऱ्या देशाचे प्रवासी उचलत. भारताचं म्हणणं, तुम्ही विमानं फार आणता आणि आमचं गिऱ्हाईक नेता. शेवटी भारताने तो करार मोडीत काढला आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये नवा झाला. आणि १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचलं, तेव्हा बालाघाटच्या बसवाल्याच्या जागी गोरे होते आणि लाल गाडी आपली होती. तर भाचीबाई, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर इथे संपतं. लंडन-न्यूयॉर्क टप्प्यात प्रवासी घ्यायला इंग्लंड आणि अमेरिका, दोघांचीही लेखी संमती लागते. ती मिळवायला आपणही बदल्यात काहीतरी दिलेलं असतं.

पण हे सगळं वाचत असताना मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. एअर इंडियाचे परदेशात झालेले चार मोठे घात-अपघात घ्या. १९५० चा, १९५५ चा, १९६६ चा आणि १९८५ चा. चारही वेळी विमान दोन परक्या ठिकाणांच्या मधे होतं. कैरो-जिनिव्हा, हाँगकाँग-जकार्ता, बैरुत-जिनिव्हा, माँट्रियल-लंडन. यात गूढ काही नाही. लांबचा प्रवास, मधले थांबे, आणि जास्तीत जास्त वेळ परक्या आकाशात. पण अशा टप्प्यात विमान पडलं की एक प्रश्न उभा राहतो, जो शिकागोच्या हॉटेलात तिकिटांवरून भांडणाऱ्यांच्या मनात फारसा नसावा. गेलेली माणसं कुणाची?

१९५५ चं आधी सांगतो, कारण आपल्याकडे ते जवळजवळ विसरलं गेलंय.

'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचंच विमान. नोंदणी व्हीटी-डीईपी. (भारताच्या प्रत्येक विमानावर 'व्हीटी' असतं, बिरसीच्या शिकाऊ विमानांवरसुद्धा. त्याचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असा लोक हमखास सांगतात. ही खूण मुळात इंग्रजांच्या अमदानीत आंतरराष्ट्रीय वाटपातून आली आणि अर्थ मागाहून चिकटला. पण बदलायला हवी, अशी ओरड अधूनमधून होत असते.) एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरणार होती. चीनने आपल्या लोकांसाठी हे विमान भाड्याने घेतलं होतं. पंतप्रधान चाऊ एन-लाय याच विमानाने जाणार, असा बोभाटा होता. ११ एप्रिलला दुपारी ते हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावरून जकार्ताकडे निघालं. प्रवासी ११ : चिनी अधिकारी आणि पत्रकार, एक व्हिएतनामी, एक पोलिश, एक ऑस्ट्रियन. कर्मचारी ८, सगळे एअर इंडियाचे. चाऊ एन-लाय त्यात नव्हते.

कॅप्टन होते डी. के. जटार. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक, ग्राउंड इंजिनिअर कर्णिक. आडनावं वाचली की मुंबईतल्या एखाद्या चाळीतल्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. साधारण पाच तासांनी, १८ हजार फुटांवर असताना स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली. खाली समुद्र. जटारांनी तिसरं इंजिन बंद केलं, संकटाचा संदेश आणि आपली जागा कळवली आणि विमान पाण्याकडे घेतलं. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं देत होती. विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर आपटून फुटलं. १९ पैकी तिघे वाचले : दीक्षित, पाठक आणि कर्णिक. ते पोहत बेटाला लागले, तिथे कोळ्यांना सापडले आणि मग 'डॅम्पिअर' या ब्रिटिश नौकेने त्यांना उचललं. जटार आणि ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वाचलेल्या तिघांच्याही शौर्याचा सन्मान झाला. कर्णिकांनी पुढे यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

आता जरा मोजा. विमान भारताचं. धावपट्टी इंग्रजांच्या वसाहतीतली. प्रवासी चीनचे. समुद्र इंडोनेशियाचा, म्हणून चौकशी इंडोनेशियाची. भारताच्या वतीने या प्रकरणाच्या शोधासाठी गेले गुप्तचर खात्याचे रामनाथ काव, ज्यांनी पुढे १९६८ मध्ये 'रॉ' उभी केली. अवशेषांतून टाइमबॉम्बचा पुरावा निघाला आणि त्यात अमेरिकन बनावटीचा डिटोनेटर. संशय काई टाकवर विमानांची साफसफाई करणाऱ्या एका माणसावर आला, तैवानच्या हस्तकांसाठी काम करणारा. तो १८ मे १९५५ ला तैवानला पळून गेला आणि तैवानने त्याला परत दिलं नाही. खटला उभा राहिलाच नाही.

चीनने घातपाताची भीती हाँगकाँगच्या इंग्रज अधिकाऱ्यांना आधी कळवली होती. मग चाऊ एन-लाय यांना आधीच कल्पना होती का? स्टीव्ह त्सांग या इतिहासकाराने १९९४ मध्ये कागदपत्रांच्या आधारे मांडलंय की होती, आणि तरीही विमान जाऊ दिलं. चीनचं म्हणणं, नुकतंच त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि बर्माच्या आमंत्रणावरून त्यांनी आपला रस्ता बदलला. खरं काय ते ठरवणारा मी कोण. पण त्सांग बरोबर असतील, तर आठ भारतीय कर्मचारी ज्या खेळात मोहरे झाले तो त्यांच्या देशाचा नव्हताच. मला या सगळ्यात जटारांचं राहून राहून वाटतं. मागे बसलेल्या अकरा जणांपैकी कुणाचीही भाषा त्यांना येत असण्याची शक्यता कमीच. ज्या टोकाला निघाले तेही परकं, ज्या टोकाला पोचायचं तेही परकं. आणि माणूस शेवटपर्यंत आपलं काम करत राहिला.

आणि पुढच्याच महिन्यात, मे १९५५ मध्ये, एअर इंडियाची टोकियोची नियमित सेवा सुरू झाली. बँकॉक आणि हाँगकाँगमार्गे. त्याच काई टाकवर उतरून.

कनिष्कबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २३ जून १९८५, एअर इंडियाची १८२ क्रमांकाची फेरी, टोरंटो-माँट्रियल-लंडन-दिल्ली-मुंबई. माँट्रियलहून लंडनकडे येताना, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, ३१ हजार फुटांवर बॉम्ब फुटला. ३२९ गेले. बॉम्बची बॅग चढली होती व्हँकुव्हरला. एअर इंडियाची फेरी तिथून नव्हती. परक्या विमानाने दुसऱ्या देशाच्या आत, दोन गावांमधे प्रवासी नेणं तर पाचव्या स्वातंत्र्यातही बसत नाही. म्हणून बॅग कॅनडाच्याच एका कंपनीच्या विमानाने टोरंटोला आली आणि तिथून आपल्या विमानात गेली. बॅगेचा मालक मात्र विमानात बसलाच नव्हता. प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा आज सगळीकडे पाळला जाणारा नियम तेव्हा असा सैल होता.

पण मला सांगायचंय ते दुसरं. मेलेल्यांपैकी बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरी कॅनडाच्या पंतप्रधानांनी, ब्रायन मलरूनींनी, सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. ही गोष्ट कॅनडातल्या कुटुंबांना फार लागली, आणि लागणारच. विमानावर देवनागरीत नाव होतं, माणसांची नावं भारतीय होती, म्हणजे ती भारताची झाली. सरकारी माफी यायला २५ वर्षं लागली. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जून २०१० मध्ये आला आणि २३ जूनला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली. एवढ्या मोठ्या कटात शिक्षा झाली ती एकट्यालाच, बॉम्ब बनवणाऱ्याला. आमच्या नातेवाइकांतली दुसरी पिढी आता तिकडचीच नागरिक आहे. पासपोर्ट निळा, आडनाव आपलं. हे वाचताना त्यांच्याकडे बघूनच वाचलं जातं.

हल्ली हा मधला टप्पा आपल्या प्रवासातून हळूहळू निघून चाललाय. एअर इंडियाने २०१६ मध्ये अहमदाबाद-लंडन-नेवार्क अशी सेवा सुरू केली होती, पण थेट अमेरिका गाठणारी विमानं आल्यावर मधे उतरायचं कशाला? आणि मधेच उतरायचं तर लोक दुबईला उतरतात. तिथे हिशेब उलटा आहे. आपण भारतातून अमेरिकेला जातो आणि नेणारं विमान तिसऱ्याच देशाचं, स्वतःच्या घरी थांबा घेऊन आपल्याला नेणारं. त्याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात. दुबईच्या कंपन्यांना भारतात आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली. ती वाढवून मागणं आणि आपण नाही म्हणणं चालू असतं. १९५४-५५ मध्ये पॅन अ‍ॅमशी झालेलं भांडणच, फक्त समोरचा बदलला.

माँ ब्लाँचे दोन अपघात मी मुद्दाम मागे ठेवले. ३ नोव्हेंबर १९५० ला तेच 'मलबार प्रिन्सेस' कैरोहून जिनिव्हाकडे येताना आल्प्समधल्या या शिखरावर आदळलं. ४० प्रवासी, ८ कर्मचारी. प्रवासी बहुतेक भारतीय खलाशी होते, इंग्लंडला जहाजावर कामाला चाललेले. मदतीला गेलेला रेने पायो हा शामोनीचा गिर्यारोहक वाटाड्या बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. फ्रान्समध्ये यावर कादंबरी निघाली, त्या कादंबरीवर १९५६ मध्ये स्पेन्सर ट्रेसीचा हॉलिवूडपट आला. खलाशांची गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही.

२४ जानेवारी १९६६ ला जवळजवळ त्याच जागी 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ आदळलं. मुंबई-दिल्ली-बैरुत-जिनिव्हा-लंडन. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा. ते व्हिएन्नाला निघाले होते. विमानातलं दिशादर्शनाचं एक यंत्र बंद होतं, जिनिव्हाच्या नियंत्रकाने सांगितलेल्या अंतराचा अर्थ वैमानिकाने वेगळा लावला, शिखर मागे पडलं असं समजून तो खाली आला. चौकशी फ्रान्सची. कारस्थानाच्या कथा आपल्याकडे पुष्कळ चालतात, पण चौकशीत निघालं ते एवढंच.

त्या हिमनदीने दोन्ही विमानं गिळली आणि आता ती वितळते आहे, तसं एकेक परत देते. ऑगस्ट २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. आत वर्तमानपत्रं आणि एअर इंडियाची कॅलेंडरं होती. त्यानंतरच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-माणकं-नीलम भरलेली डबी मिळाली, त्याने ती सरळ पोलिसांत दिली. मालकाचे वारस सापडेनात. आठ वर्षांनी, २०२१ मध्ये, ते खडे तो गिर्यारोहक आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले. किंमत सुमारे तीन लाख युरो.

आणि जुलै २०२० मध्ये तिथल्या एका उपाहारगृहाच्या मालकाला बर्फातून वर आलेला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. ओला, पण वाचता येण्याजोगा. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही बातमी पहिल्या पानावर होती. त्याने ती पानं सुटी करून वाळत घातली.